टायर तरंगतो की घसरतो? कोरड्या प्रदेशातला पाऊस आणि सायकलची पकड

वर्षाचे बहुतेक दिवस कोरडे जातात अशा प्रदेशात सायकल चालवणाऱ्यांची पावसाशी गाठ क्वचितच पडते, आणि त्यामुळे पावसात कोणाची सायकल घसरली की एकच स्पष्टीकरण ठरलेले असते: रस्त्यावर पाणी होते, टायर पाण्यावर तरंगला. हे स्पष्टीकरण मोटारवाल्यांकडून आलेले आहे आणि मोटारींच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. सायकलच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते, कारण सायकलचा टायर तरंगत नाही. तो रस्त्यावर बसलेल्या एका पातळ, बुळबुळीत थरावरून घसरतो. दोन्ही वेळा चाक निसटते आणि माणूस पडतो, म्हणून या दोन गोष्टी एकच वाटतात. परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपाय तर बऱ्याच अंशी परस्परविरुद्ध आहेत.

तरंगण्याचा प्रकार आधी पाहू, कारण तो लवकर निकालात निघतो. वेगाने फिरणारा टायर साचलेल्या पाण्यात शिरला की त्याला समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. वेग वाढत गेला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ पुरत नाही, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याची पाचर शिरते, आणि त्या पाण्याचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाइतका झाला की टायर रस्त्यापासून पूर्णपणे उचलला जातो. यालाच हायड्रोप्लेनिंग किंवा अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. नासाच्या लँगली संशोधन केंद्रातले वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरचा अभ्यास करून १९६३ मध्ये यासंबंधीचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातले सूत्र आजही वापरले जाते. पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड) मोजलेल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे १६.७ ने गुणले की टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल ते ताशी किलोमीटरमध्ये मिळते.

मोटारीच्या टायरमध्ये ३६ पीएसआय हवा असेल तर हा वेग ताशी १०० किलोमीटर येतो, म्हणजे महामार्गावर रोज गाठला जाणारा वेग. सायकलच्या टायरमध्ये ६४ पीएसआय हवा असेल तर उत्तर येते ताशी सुमारे १३३ किलोमीटर. डोंगरी वाटांसाठीच्या रुंद टायरमध्ये २५ पीएसआय हवा ठेवली तरी ते ८३ पर्यंतच खाली येते, आणि वाळूत किंवा बर्फात चालवण्याच्या अतिरुंद टायरमध्ये अवघी ९ पीएसआय हवा असली तरी ५० च्या खाली उतरत नाही. शिवाय सूत्र मोटारी आणि विमानांच्या टायरवर बेतलेले आहे. सायकलच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग अरुंद, लांबट आणि पुढे निमुळता असतो, त्यामुळे तो पाणी दोन्ही बाजूंना सहज सारत जातो आणि प्रत्यक्षातला वेग या गणितापेक्षाही वरच राहतो. पाणीही रस्त्याची खडी पूर्ण बुडेल इतके खोल साचलेले असावे लागते. वळणावर ताशी १५ किलोमीटरने चाललेली सायकल पडली, तर तिच्यापुरता हा विषय इथेच संपतो.

आता दुसरा प्रकार, ज्याच्याशी सायकलस्वाराचे खरे हाडवैर आहे. कोरड्या ऋतूत रस्त्यावर काय काय साठते याचा विचार केला तर हा थर आपोआप समजतो. इंजिनांतून ठिबकलेले तेल, टाकीच्या तोंडातून हिंदकळलेले डिझेल, धुराड्यांतली काजळी, टायर आणि ब्रेक झिजून निघालेली भुकटी, फुलांचे पराग, आणि या सगळ्यांत मिसळलेली वाऱ्याने आणलेली बारीक माती. पेट्रोल सांडले तर उडून जाते, डिझेल आणि वंगणतेल मात्र चिकटून राहते. जिथे वरचेवर पाऊस पडतो तिथे हा माल दर थोड्या दिवसांनी धुऊन निघतो. जिथे दोन पावसांमध्ये आठवडे किंवा महिने जातात तिथे तो साठतच राहतो. कोरडा असेपर्यंत तो फारसा जाणवत नाही. पहिल्या सरीचे पाणी पडले की त्याच मातीचा आणि तेलाचा लेप होतो.

हा लेप नेमका कुठे जाऊन बसतो हे पाहण्यासारखे आहे. रस्त्याच्या पृष्ठभागाला दोन पातळ्यांवरचा खडबडीतपणा असतो. डोळ्यांना दिसणारी खडी, तिच्यामधल्या फटी आणि खाचा हा मोठा खडबडीतपणा. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अर्ध्या मिलिमीटरपासून पन्नास मिलिमीटरपर्यंत असलेल्या उंचसखलपणाला अभियंते या गटात धरतात. त्याहून बारीक, म्हणजे खडीच्या एकेका दगडावर बोट फिरवले असता काचकागदासारखा लागतो तो दुसरा. मोठ्या खडबडीतपणाचे काम साचलेल्या पाण्याला वाट करून देण्याचे, म्हणजेच तरंगणे टाळण्याचे. बारीक खडबडीतपणाचे काम उरलेला पातळ थर भेदून रबरापर्यंत पोहोचण्याचे. कोरड्या ऋतूत रहदारीखाली सापडलेली बारीक धूळ हाच बारीक खडबडीतपणा घासून गुळगुळीत करते आणि वर त्यात भरूनही राहते. म्हणून पाऊस येतो तेव्हा रस्ता वर्षातल्या सर्वांत वाईट अवस्थेत असतो, मग वरून तो कितीही खडबडीत दिसो. रंगाचे पट्टे, मॅनहोलची झाकणे, पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि रुळ यांना हा बारीक खडबडीतपणा जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे थर नुसत्या पाण्याचा असला तरी पुरतो.

जाणकार वाचक इथे आक्षेप घेईल की विमानशास्त्रात अशा पातळ थरावरच्या घसरण्यालाही हायड्रोप्लेनिंगचाच एक उपप्रकार मानतात. ते खरे आहे, आणि गोंधळाचे मूळ कदाचित तिथेच असावे. परंतु त्या उपप्रकाराला वरचे सूत्र लागू पडत नाही, त्याला खोल पाणी लागत नाही आणि मोठा वेगही लागत नाही; तेव्हा सायकलस्वाराने दोहोंना एका दावणीला न बांधणेच बरे.

दोहोंतला सर्वांत महत्त्वाचा फरक पाण्याच्या प्रमाणाचा आहे. तरंगण्याचा धोका पाण्याबरोबर वाढतो. थराचा धोका मात्र थोड्या पाण्यात सर्वांत जास्त असतो: भुरभुर सुरू झाल्यापासूनची पहिली काही मिनिटे, जेव्हा लेप कालवला गेलेला असतो पण वाहून जाण्याइतके पाणी आलेले नसते. पाऊस जोर धरतो तशी माती आणि तेल पाण्याबरोबर निघून जाते आणि पकड बरीचशी परत येते. रेल्वेचालकांना हा अनुभव जुना आहे. रुळांवर दव किंवा भुरभुर पडली की गंज आणि पाणी यांच्या लेपाने चाके जितकी घसरतात, तितकी ती मुसळधार पावसात धुतलेल्या रुळांवर घसरत नाहीत. रस्त्यावरच्या मोटारींबाबतही आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या ४८ राज्यांतील १९७५ ते २००० या काळातल्या नोंदींवर आधारलेला डॅनियल आयझेनबर्ग यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक सेंटीमीटर पावसाने त्या दिवशीचे प्राणघातक अपघात, आधीचा पाऊस दोनच दिवसांपूर्वी झाला असेल तर सुमारे ३ टक्क्यांनी वाढतात, आणि मध्ये वीसहून अधिक दिवस कोरडे गेले असतील तर सुमारे ९ टक्क्यांनी. ही सगळी वाढ थरामुळेच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण इतक्या दिवसांत चालकही ओल्या रस्त्याची सवय विसरतात. तरीही कोरडे दिवस वाढले की धोका वाढतो एवढे त्यातून स्पष्ट होते.

थर धुतला गेला की नाही हे घड्याळ लावून सांगता येत नाही, पण रस्त्याकडे पाहून सांगता येते. सुरुवातीला मोटारींच्या चाकोऱ्यांत पांढरट फेस उठतो, कडेने वाहणारे पाणी चहाच्या रंगाचे असते आणि चौकात इंद्रधनुषी तवंग दिसतात. सिग्नलला एक पाय टेकून उभे असताना बुटाचा तळवा रस्त्यावर थोडा रेटून पाहावा. तो न कुरकुरता सरकला तर चाकही तसेच सरकेल. फेस विरला आणि कडेचे पाणी नितळ झाले की रस्ता नुसता ओला उरतो, आणि नुसता ओला रस्ता सायकलला बऱ्यापैकी धरतो.

कोरड्या प्रदेशातली पंचाईत अशी की तिथल्या सरी पुष्कळदा एवढ्या वेळ टिकतच नाहीत. पाच-दहा मिनिटे शिंतोडे पडतात, लेप कालवला जातो, इकडून तिकडे पसरतो आणि ऊन पडताच जागच्या जागी वाळतो. पुढची सर आली की पुन्हा तेच. अशा ठिकाणी हंगामातला पहिला पाऊस एवढाच धोक्याचा मानणे चूक आहे. आधीच्या पावसाने रस्ता धुतलाच नसेल तर तिसरा-चौथाही पहिलाच असतो.

रस्त्याचा कोणता भाग धरावा हा प्रश्न यातूनच येतो. मोटारींची चाके आणि त्यांचा वारा धूळ कडेला लोटतात, आणि सायकलस्वार नेमका त्याच कडेने जातो. ठिबकलेले तेल मार्गिकेच्या मधोमध, दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मध्ये, काळ्या पट्ट्याच्या रूपाने साठते. तुलनेने स्वच्छ राहतात त्या चाकोऱ्या. म्हणून पहिल्या सरीत, मागची वाहतूक पाहून जमेल तिथे, अगदी कडेपेक्षा कडेजवळची चाकोरी बरी. तरंगण्याची भीती बाळगणारा मात्र उलट वागतो, कारण चाकोऱ्यांतच पाणी चमकताना दिसते. चौक, बसथांबे, पेट्रोल पंपांची तोंडे आणि डिझेल हिंदकळण्याजोगी वळणे इथे चाकोरीवरही विसंबून चालत नाही.

वेगाचे गणितही निराळे आहे. तरंगायला एक किमान वेग लागतो. त्याच्या खाली तो धोका नाही. थराला असा उंबरठा नाही, तिथे प्रश्न असतो तो टायरकडून किती पकड मागितली जाते याचा. दहा मीटर त्रिज्येचे वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.८ धरला तर ते ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने आणि जवळपास ३९ अंश झुकून घेता येते. थरावर घर्षणांक ०.३ पर्यंत उतरला असे मानले तर मर्यादा ताशी १९-२० किलोमीटर आणि १७ अंशांवर येते. ब्रेकचेही असेच. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक घसरण्याआधी मागचे चाक उचलले जाते, आणि हाताला सवय लागलेली असते ती याच मर्यादेची. थरावर क्रम बदलतो: पुढचे चाक आधी जाम होऊन निसटते, आणि निसटलेले पुढचे चाक सहसा सावरता येत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगातून थांबायला कोरड्यात सात मीटर लागत असतील आणि मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, निम्म्यावर आले, तर चौदा लागतील. तेव्हा ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ उभी असताना, दोन्ही हातांनी आणि हलकेच लावावेत. पायडलवर उभे राहून जोर काढणेही टाळावे, कारण त्याने मागचे चाक जागेवर फिरते.

उपायांमधला विरोध टायरपाशी सर्वांत ठळक दिसतो. तरंगणे टाळायचे असेल तर सूत्र सांगते की हवा जास्त भरा, आणि पाण्याला वाट मिळावी म्हणून खोल खाचांचा टायर घ्यावा लागतो. घसरणे टाळायचे असेल तर हवा थोडी, पाच-दहा पीएसआयने, कमी करावी लागते, म्हणजे रबर जास्त जागेत टेकते आणि खडबडीतपणाशी जुळवून घेते. डांबरी रस्त्यावर खाचांचा उपयोग नाही. उलट गुट्ट्या असलेल्या टायरचे रबर कमी जागेत टेकते आणि वळणावर गुट्ट्या वाकतात. गुळगुळीत पण मऊ रबराचा, जरा रुंद टायर इथे सरस ठरतो. चिखलाच्या वाटेवर गुट्ट्या जमिनीत रुततात म्हणून त्या तिथे कामाच्या, पण ती गोष्ट वेगळी. पावसाच्या अंदाजाने घाबरून टायर कडक फुगवणे आणि नक्षीदार टायर चढवणे हा चुकीच्या रोगावरचा इलाज आहे.

एक तिसरी गोष्टही या दोहोंत मिसळली जाते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबणारे ब्रेक, ओले झाले की दाबल्यावर पहिल्या क्षणी काहीच होत नाही; रबरी गुटके रिमवरचे पाणी पुसून काढतात आणि मग अचानक पकड घेतात. स्टीलच्या चकचकीत रिमवर हा उशीर फार मोठा असतो, अॅल्युमिनियमच्या रिमवर कमी, डिस्क ब्रेकवर त्याहून कमी. मधल्या क्षणात सायकल न थांबता पुढे जात राहते आणि चालवणाऱ्याला वाटते की टायर सुटला. वास्तविक टायर घट्ट असतो, सुटलेला असतो तो ब्रेक. ओळखण्याची खूण अशी की ब्रेक सुटला असेल तर चाक फिरत राहते, टायर सुटला असेल तर चाक थांबलेले असून सायकल सरकते. सुरुवातीला अधूनमधून ब्रेक हलके घासत राहिल्यास रिम कोरडी राहते. पहिल्या पावसानंतर रिम आणि गुटके पुसून घेणेही आवश्यक आहे, कारण रस्त्यावरचा तोच तेलकट, वाळूमिश्रित लेप तिथे चढून बसतो आणि रिम खात राहतो.

राहता राहिले खोल पाणी. कोरड्या प्रदेशात रस्त्यांना पुष्कळदा पुरेशी गटारे नसतात आणि तापून टणक झालेली जमीन पाणी पटकन पीत नाही, म्हणून सखल भागात ते झपाट्याने जमते, कधी तर तिथे थेंबही पडलेला नसताना वरच्या अंगाच्या पावसाचे वाहून येते. तिथेही टायर तरंगणार नाही. धोका असतो तो तळाशी दडलेल्या खड्ड्याचा, उघड्या राहिलेल्या मॅनहोलचा आणि प्रवाहाचा. पंधरा सेंटीमीटर खोलीचे वेगवान पाणी धडधाकट माणसाला पायांवरून पाडू शकते. पाणी वाहते असेल तर सायकल हातात धरूनही ते ओलांडू नये, दुसरा रस्ता धरावा किंवा ओसरेपर्यंत थांबावे.