घडीची ट्रायमरान नौका

मधे एक मुख्य काया आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक निमुळता फ्लोट, अशी तीन कायांची शिडाची नौका म्हणजे ट्रायमरान. यांतल्या ज्या नौकेचे फ्लोट आत घेऊन रुंदी निम्म्याहून कमी करता येते आणि जी मोटारीमागे ट्रेलरवर नेता येते, ती घडीची ट्रायमरान. साधारण साडेपाच ते दहा मीटर लांबीच्या या नौका शर्यतींसाठी आणि दिवसभराच्या सफरींसाठी वापरल्या जातात. मोठ्या नौकांत झोपण्यापुरती केबिनही असते.

या नौकेचे सारे बळ रुंदीत आहे. एककाय नौका शिडावरच्या वाऱ्याला तोंड देते ती तळाशी टांगलेल्या जड कीलच्या जोरावर. ते वजन ती सतत वाहत असते. ट्रायमरानमध्ये वारा नौकेला कलवू लागला, की त्या बाजूचा फ्लोट पाण्यात दबतो आणि तिला वर रेटतो. फ्लोट मध्यापासून जितका दूर, तितका हा रेटा परिणामकारक. वजन न वाढवता मोठे शीड पेलता येते ते यामुळेच. अडचण येते ती जमिनीवर. सहा मीटर रुंदीची वस्तू रस्त्यावरून नेता येत नाही. बहुतेक देशांत विशेष परवान्याविना अडीच मीटरच्या आसपासच मुभा असते.

बाजूला तरंगता आधार देणाऱ्या उलांडीच्या होड्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर फार प्राचीन काळापासून आहेत. आधुनिक ट्रायमरानचा प्रसार अमेरिकेतील आर्थर पायव्हर यांच्या प्लायवूडच्या नौकांनी केला. 1960 मध्ये त्यांनी अशाच एका नौकेतून अटलांटिक ओलांडला. घडीचा प्रश्न मात्र सर्वांत समर्थपणे सोडवला तो न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या इयान फॅरियर (मृत्यू 2017) यांनी. 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्यांनी आपली रचना सिद्ध केली, पुढे ते कॅलिफोर्नियात गेले आणि तेथे कॉर्सेर मरीन ही कंपनी उभी राहिली. तिची एफ-27 ही नौका 1985 मध्ये पाण्यात उतरली. लांबी 8.26 मीटर, उघडल्यावर रुंदी सुमारे 5.8 मीटर, मिटल्यावर सुमारे 2.6 मीटर, वजन जेमतेम 1,200 किलो. अशा 450 हून अधिक नौका बांधल्या गेल्या. आज जुन्या घडीच्या नौकांची चौकशी करणारा माणूस बहुधा फॅरियरच्याच एखाद्या आराखड्यापाशी येऊन थांबतो.

फॅरियरच्या रचनेत प्रत्येक बीमच्या (फ्लोटला मुख्य कायेशी जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) जोडीला खाली बिजागरीवर फिरणारे दांडे असतात. बोल्ट काढून बीमचे आतले टोक वर उचलले, की बाहेरचे टोक फ्लोटसह खाली आणि आत सरकते. शेवटी बीम उभा राहतो आणि फ्लोट मुख्य कायेला बिलगतो. सरावलेला माणूस हे पाण्यावर तरंगतानाच, एका बाजूला मिनिटा-दोन मिनिटांत उरकतो. ही यंत्ररचना मला गेल्या शतकातल्या नौकाबांधणीतली एक अत्यंत सुंदर कल्पना वाटते: मोटार नाही, हायड्रॉलिक्स नाही, आणि उघडल्यावर पाण्याचा रेटाच सांधा घट्ट दाबून धरतो. एक उणीव आहे. मिटल्यावर फ्लोट आडवा होतो, त्याची बाहेरची बाजू पाण्यात जाते. नौका तशीच बांधून ठेवली तर तेथे शेवाळ धरते. डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लाय नौकांचे फ्लोट आडव्या पातळीत मागे वळतात. ते सरळच राहतात, पण मिटलेल्या नौकेची लांबी वाढते. फ्रान्सच्या अस्टस नौकांत बीम एकमेकांत सरकतात.

वेगाच्या दृष्टीने चांगल्या वाऱ्यात 10 ते 15 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) सहज मिळतात आणि हलक्या, शर्यतीच्या नौका 20 नॉटही ओलांडतात. डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडायची उभी फळी, वर घेतला की अर्धा मीटर पाणीही पुरते, त्यामुळे किनाऱ्याला लागणे सोपे. अमेरिकेतील पोर्ट टाउनसेंड ते अलास्कातील केचिकन ही इंजिनाविना करायची सुमारे 1,200 किलोमीटरची ‘रेस टू अलास्का’ 2015 मध्ये प्रथम झाली, ती फॅरियरच्याच एफ-25सी नौकेने जिंकली. कॉर्सेरची स्प्रिंट 750 मात्र मुद्दाम दिवसाच्या सफरींसाठी आहे: केबिन लहान, कॉकपिट (बसून नौका हाकण्याची उघडी जागा) ऐसपैस.

धोका स्पष्ट सांगायला हवा. कील नसल्याने उलटलेली ट्रायमरान आपणहून सुलट होत नाही. ती बुडतही नाही, उलटी तरंगत राहते. वाऱ्याबरोबर भरधाव जाताना फ्लोटची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेत घुसणे हे उलटण्याचे एक नेहमीचे कारण. म्हणून शीड वेळेवर आखडते घ्यावे, अंमळ आधीच घ्यावे.

वापरलेली नौका घेताना पॉलिश आणि गाद्या नंतर पाहाव्यात, आधी सांधे. बीमचे बोल्ट, दांड्यांची बिजागरी आणि त्या जेथे कायेला जोडल्या आहेत तो भाग येथे केसासारख्या भेगा, ओल किंवा खडखड आढळली तर जाणकार तपासनिसाशिवाय पुढे जाऊ नये. शिडे, दोऱ्या, काया आणि फ्लोट यांच्या मधल्या जाळ्या बदलता येतात. जाळ्या उन्हाने कुजतातच. सांध्याची दुरुस्ती महाग आणि नाजूक. सँडविच बांधणीच्या (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा असलेल्या) डेकवर जेथे फिटिंग बसवली आहेत तेथे हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर आत पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी. फॅरियरचे आराखडे घरी बांधणाऱ्यांनाही विकले जात, त्यामुळे अशा नौकांत उत्कृष्टही सापडतात आणि जड, वेड्यावाकड्याही. तेथे वजन काट्यावर करून घ्यावे, कारण शंभर किलो जास्त म्हणजे शर्यतीत कायमची पिछाडी. घडी घालून आणि उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा, डोलकाठी उभारण्याचाही. तयारीतला सर्वाधिक वेळ तिथेच जातो, आणि त्या वेळी वर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे. ट्रेलरची बेअरिंगे आणि ब्रेक खाऱ्या पाण्याने लवकर जातात. लांबचा रस्ता गाठायचा असेल तर चाके उघडून बघितल्याखेरीज निघू नये.