रेघेच्या उंचीवरून: होळकर संस्थानाची जुनी तिकिटे आणि छपाईच्या खुणा

होळकर संस्थानाचे पहिले टपाल तिकीट १८८६ साली निघाले. अर्ध्या आण्याचे, जांभळट रंगाचे आणि दुसऱ्या तुकोजीराव महाराजांची मुद्रा असलेले हे तिकीट लंडनच्या वॉटरलो अँड सन्स यांनी शिळाछापावर छापले होते. महाराजांचे निधनही त्याच वर्षी जून महिन्यात झाले. १८८९ मध्ये त्याच किमतीचे आणखी एक तिकीट आले, ते मात्र गुलाबी कागदावर काळ्या शाईचा हातशिक्का उठवून केलेले होते. त्याला ना दाते होते, ना पाठीमागे डिंक. पुढे १८९२ पर्यंतच्या काळात शिवाजीराव महाराजांची पाव, अर्धा, एक आणि दोन आण्यांची तिकिटे पुन्हा वॉटरलो यांच्याकडूनच आली, पण या वेळी ती खोदीव पत्र्यावरून छापलेली होती. अवघ्या सहा-सात वर्षांत एका संस्थानाने तिकिटे तयार करण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती वापरल्या, आणि इंदूरच्या जुन्या मराठी घरांत कागदपत्रांच्या गठ्ठ्यांतून अशी तिकिटे आजही कधीमधी निघतात. त्यांची ओळख पटवताना बहुतेक लोक आधी रंग पाहतात आणि मग चेहरा. माझ्या मते पाहण्याचा क्रम उलटा हवा. शाई कागदावर कशी बसली आहे, हे आधी पाहावे.

डोळ्यांची क्षमता चांगली असली तरी पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून माणसाला साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन रेघा वेगळ्या दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तम तिकिटांवरचे काम नेमके या मर्यादेच्या आसपास आणि तिच्याही खाली चालते. म्हणून दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग आणि बाजूने येणारा तिरपा प्रकाश, एवढी सामग्री हवी. मोबाइलचा दिवा तिकिटाच्या जवळजवळ पातळीत धरला तरी काम भागते. तिकीट मात्र बोटांनी न उचलता चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलावे.

शिवाजीराव महाराजांचे तिकीट अशा प्रकाशात धरले की रेघांना उंची आहे, हे लगेच जाणवते. खोदीव छपाईत चित्राची प्रत्येक रेघ धातूच्या पत्र्यात खणलेली असते. पत्र्याला शाई फासून पृष्ठभाग पुसून घेतला की शाई फक्त त्या चरांत उरते. मग ओलसर कागद पत्र्यावर ठेवून त्यावर प्रचंड दाब दिला जातो, कागदाचे तंतू चरांत शिरतात आणि तिथली शाई उचलून बाहेर येतात. त्यामुळे छापलेली रेघ कागदावर बारीक बांधासारखी उभी राहते आणि तिरप्या प्रकाशात तिची एक बाजू उजळते, दुसरीकडे सावली पडते. चर जिथे खोल तिथे शाईचा थर जाड आणि रंग गडद. चर उथळ होत गेला की तीच रेघ फिकी पडत विरून जाते. गालावरची किंवा कपाळावरची छाया कारागीर अशा रीतीने, रेघेची रुंदी आणि खोली बदलत साधतो. एकाच शाईतून इतक्या छटा मिळण्याचे रहस्य या खोलीत आहे.

१८८६ च्या तिकिटावर हे दिसणार नाही. शिळाछापात दगड सपाटच राहतो. आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधलेली ही पद्धत तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी आहे: चुनखडीच्या विशिष्ट जातीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उमटवायचे, दगड ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई चिकटत नाही, तेलकट रेघांवर तेवढी चिकटते. मराठी वाचकाला ही छपाई नवखी नाही. आपल्या आजा-पणजांच्या देवघरांतल्या अनेक पोथ्या शिळाप्रेसवरच छापलेल्या आहेत, आणि तिकिटाचा अभ्यास सुरू करण्याआधी अशी पोथी भिंगाखाली पाहणे हा उत्तम सराव आहे. शिळाछापाच्या रेघेत शाईचा थर सर्वत्र सारखा व पातळ असतो, कडा किंचित मऊ असतात, आणि कागदाला ना पुढे उठाव येतो ना मागे खळगा. रेघ फिकी दाखवायची असेल तर ती बारीक तरी करावी लागते किंवा तुटक तरी.

हातशिक्क्याचे तिकीट तिसऱ्या कुळातले, म्हणजे उठावाच्या छपाईचे आहे. इथे छापायचा भाग उंच असतो आणि दाबाखाली शाई त्या उंच भागाच्या कडांकडे सरकते. परिणामी अक्षराच्या मध्यापेक्षा त्याच्या काठावर शाई जास्त साचते आणि भिंगातून पाहिल्यास अक्षराभोवती गडद किनार दिसते. खिळ्यांवरून यंत्राने छापलेल्या मजकुरातही हीच किनार असते, शिवाय कागदाच्या पाठीवर बारीक उंचवटे उमटलेले असतात. हातशिक्क्यात दाब हाताचा असल्याने शिक्क्याची एक बाजू ठळक आणि दुसरी पुसट उमटणे साहजिक आहे. त्यामुळे दोन प्रती हुबेहूब सारख्या नाहीत, एवढ्यावरून संशय घेण्याचे कारण नाही.

एवढी बारीक कारागिरी तिकिटावर आली ती सौंदर्यासाठी नव्हे, नकला रोखण्यासाठी. मे १८४० मध्ये ब्रिटनने जगातले पहिले चिकट टपाल तिकीट, काळी पेनी, काढले तेव्हा सरकारची मोठी धास्ती बनावट तिकिटांची होती. चेहरा निवडण्यामागेही हेच कारण होते: माणसाचा डोळा चेहरे ओळखण्यात इतका मुरलेला असतो की नकलेतला लहानसा फरकही त्याला खटकतो, असा युक्तिवाद बेंजामिन शेव्हरटन याने टपाल सुधारणेच्या वेळी मांडला होता. विल्यम वायन याच्या १८३७ च्या पदकावरून घेतलेले व्हिक्टोरिया राणीचे मुख चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या पिता-पुत्रांनी पोलादावर कोरले आणि त्यामागची जाळीदार नक्षी यंत्राने आखली, कारण ती हाताने पुन्हा आखणे जवळजवळ अशक्य होते.

या तिकिटाच्या एका पत्र्यावर २४० चित्रे होती, एका ओळीत बारा आणि अशा वीस ओळी. त्यामुळे एक ओळ म्हणजे एक शिलिंग आणि संपूर्ण ताव म्हणजे एक पौंड असा सोपा हिशेब बसत असे. ही २४० चित्रे वेगवेगळी कोरणे कोणालाच परवडले नसते. जेकब पर्किन्सच्या पद्धतीत मूळ चित्र मऊ पोलादावर एकदाच कोरून ते पोलाद तापवून कठीण करत. मग त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबाखाली फिरवला की चित्र रुळावर उठावात येई. रूळ कठीण करून तो छपाईच्या मऊ पत्र्यावर २४० वेळा दाबला की पत्रा तयार. तत्त्वतः सर्व चित्रे एकसारखी असायला हवीत, प्रत्यक्षात मात्र तसे होत नाही. एखाद्या ठिकाणी ठसा कच्चा उमटला म्हणून रूळ पुन्हा फिरवावा लागे, आणि दुसऱ्या वेळी तो केसभर सरकला तर तेवढ्या भागातली रेघ दुहेरी होई. तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांतली अक्षरे तर प्रत्येक चित्रासाठी हाताने ठोकलेली असत. ती कधी तिरकी, कधी चौकटीला टेकलेली दिसतात. ताव फाडून वेगळे केलेले एकुलते एक तिकीट कोणत्या पत्र्याच्या कोणत्या जागेवरचे आहे, हे आज सांगता येते ते या गफलतींमुळे. कारागिराने टाळू पाहिलेले दोषच अभ्यासकाच्या उपयोगी पडतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

हिंदुस्थानात हीच समस्या वेगळ्या रीतीने सुटली. १८५४ मध्ये देशभर एकसमान टपाल दर लागू झाला आणि त्यासाठी लागणारी अर्धा, एक व चार आण्यांची तिकिटे कलकत्त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात कॅप्टन हेन्री थुलियर यांच्या देखरेखीखाली, नकाशे छापण्याच्या दगडांवर छापली गेली. मूळ चित्राचे ठसे खास कागदावर घेऊन ते एकेक करून दगडावर उतरवायचे, असे हे काम होते. अर्ध्या आण्याच्या एका तावावर अशी ९६ तिकिटे असत. प्रत्येक उतरवणीत कुठे रेघ तुटे, कुठे ठिपका वाढे. चार आण्यांच्या तिकिटाला लाल चौकट आणि निळे मुख असे दोन रंग असल्याने ताव दोनदा छापावा लागे, आणि काही ताव दुसऱ्या फेरीत उलटे गेल्याने राणीचे मुख चौकटीत उलटे छापले गेले. अशी तिकिटे फार थोडी उरली असून त्यांची किंमत सांगण्यात लोकांना रस असतो. छपाईच्या दृष्टीने मात्र साध्या प्रतींत चौकट आणि मुख यांच्यातले अंतर किती सरकले आहे, हे मोजणे अधिक बोधप्रद आहे.

मोजमापाबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ओल्या कागदावर छापलेले तिकीट वाळताना आकसते, आणि कागदाच्या तंतूंची दिशा जशी असेल त्यानुसार ते लांबीत किंवा रुंदीत जास्त आकसते. म्हणून एकाच पत्र्यावरून छापलेल्या दोन अस्सल तिकिटांच्या चित्रांत अर्धा मिलिमीटरपर्यंतचा फरक दिसला तरी घाबरून जाऊ नये. दाते मोजण्याची रीत सोपी आहे: दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके बसतात तो आकडा, आणि १८८६ च्या होळकर तिकिटासाठी तो १५ आहे. रंगावर तर अजिबात विसंबू नये. ऊन, दमट हवा, जुना डिंक आणि हवेतले गंधकाचे वायू यांनी रंग बदलतात. शिसे असलेले नारिंगी-तांबडे रंग गंधकाच्या संपर्काने काळपटतात, कारण तिथे शिशाचे काळे सल्फाइड तयार होते. प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईतली मूलद्रव्ये तिकिटाला इजा न करता ओळखता येतात. तांबड्या शाईत पारा सापडला तर ती हिंगुळाची, आणि शंभर वर्षांपूर्वी अस्तित्वातच नसलेले रंगद्रव्य सापडले तर पुढे काही विचारायला नको.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी त्याहून साधी आहे. खोदीव छपाईच्या तिकिटावर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीचा तुकडा ठेवून मऊ खोडरबराने हलकेच चोळले की शाईचे बांध पन्नीवर उमटतात आणि महाराजांच्या चेहऱ्यातल्या रेघा चंदेरी रंगात दिसू लागतात. शिळाछापाच्या तिकिटावर हाच प्रयोग केला तर पन्नी कोरी राहते. खोदीव तिकिटांच्या जुन्या नकला बहुतांशी शिळाछापावर केलेल्या असल्याने ही चाचणी अनेक नकला लगेच उघड्या पाडते. अलीकडच्या रंगीत नकलांना तर पन्नीचीही गरज नसते. भिंगाखाली अखंड रेघेऐवजी निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके दिसले की निकाल लागला.

ग्वाल्हेरची तिकिटे या चाचणीला दाद देत नाहीत, कारण तिथला प्रश्न निराळा आहे. शिंदे संस्थानाने १८८५ पासून स्वतःचे वेगळे तिकीट न काढता हिंदुस्थान सरकारच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव इंग्रजी आणि देवनागरीत छापून घेतले. खालचे तिकीट अस्सलच असते. खोटी असू शकते ती वरची छपाई. इथे खिळ्यांकडे पाहावे लागते. देवनागरी नावाची लांबी काही छपायांत १३ ते १४ मिलिमीटर, तर काहींत १५ ते १५.५ मिलिमीटर आहे, आणि खिळे जुळवणाऱ्याच्या हातून इंग्रजी नावातल्या ‘ओ’च्या जागी ‘सी’ बसल्याचे नमुनेही माहीत आहेत. पण सर्वांत खात्रीचा पुरावा थरांच्या क्रमाचा. संस्थानाचे नाव तिकीट विकण्यापूर्वी छापले जाई आणि टपालाचा शिक्का पत्र टाकल्यावर पडे. म्हणजे शिक्क्याची शाई नावाच्या शाईवर असली पाहिजे. दोन्ही शाया एकमेकींना छेदतात त्या जागी भिंग धरावे. नावाचे अक्षर शिक्क्याच्या रेघेवरून अखंड गेलेले दिसले, तर कोणीतरी साध्या वापरलेल्या तिकिटावर ते नंतर छापले आहे.