खाडीच्या उथळ पाण्यात गळ : नागपूरहून येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंबाझरीच्या काठावर किंवा भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर तुम्ही गळ टाकून बसला असाल, तर मासेमारीतला मोठा भाग वाट पाहण्यात जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. कणकेची गोळी, पाण्यावर डुलणारं बूच आणि सोबतीला गप्पा. आम्ही ज्या मासेमारीला नेतो तिथे बूच नसतं आणि बसायलाही मिळत नाही. गुडघाभर खाऱ्या पाण्यात किंवा होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) उभं राहून आधी मासा शोधायचा. तो दिसला, किंवा तो तिथे असल्याची खूण दिसली, की मगच गळ फेकायचा. पहिल्या दिवशी बरेच जण तासभरात पाच वेळाही गळ फेकत नाहीत. पैसे वाया गेले असं तेव्हा वाटू शकतं, म्हणून नोंदणी करण्याआधी हे पत्रक शेवटपर्यंत वाचा.

विदर्भात मरळ धरणाऱ्यांना हा खेळ लवकर उमगतो. मरळ श्वास घ्यायला वर येते, पाण्यावर वर्तुळ उठतं, पिल्लांचा लालसर थवा दिसला की आईबाप जवळच असतात हे कळतं, आणि जाणकार माणूस त्या खुणेच्या थोडं पुढे बेडूक टाकतो. खाडीतलं कामही याच जातीचं आहे. फक्त पाणी दर तासाला बदलत असतं.

जागा कोणती

आमची मुख्य सहल सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातल्या देवबागच्या आतल्या अंगाला असते. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला संगमाच्या आत वाळूचे आणि चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात, भरतीला त्यांच्यावर गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी चढतं. कडेला खारफुटी, मधून खोल पन्हाळी, म्हणजे पाण्याच्या वाटा. त्सुनामी बेटाजवळ पर्यटकांच्या होड्यांची वर्दळ असते, तिकडे आम्ही जात नाही. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, त्याच्या हद्दीतही गळ टाकत नाही.

फ्लोरिडा, बहामा, सेशेल्स इथे हा प्रकार काचेसारख्या पाण्यात चालतो. तिथे पांढऱ्या वाळूवर बोनफिशची सावली वीस-पंचवीस मीटरवरून दिसते. कर्लीचं पाणी तसं नाही, हे आधीच सांगतो. इथे मासा क्वचित दिसतो, दिसतात त्या त्याच्या खुणा. संथ पाण्यावर बाणाच्या टोकासारखी सरकणारी लाट, एकाएकी उधळलेला बोय माशांचा थवा, खारफुटीच्या मुळांशी आलेला ‘टप्प’ असा आवाज, वाऱ्याशी न जुळणारी पाण्याची थरथर. आमचे वाटाडे त्याच गावचे आहेत, लहानपणापासून याच खाडीत पाग (फेकजाळं) टाकत आणि गरवत (गळाने मासे धरत) आलेले. एखाद्या थरथरीकडे बोट दाखवून ते सांगतात, ही बोयांची, आणि ती पलीकडची बोयांच्या मागे लागलेल्याची. आम्हाला स्वतःला तो फरक समजायला दोन हंगाम लागले. सहलीची खरी किंमत त्या बोटाची आहे असं आम्ही मानतो. म्हणून मासा मिळो वा न मिळो, वाटाड्याचं मानधन तेवढंच राहतं.

तारखा पंचांगावरून का ठरतात

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच : “शनिवार-रविवार धरून जमवता येईल का?” कधी जमतं, बहुतेकदा नाही.

ओहोटी असते तेव्हा खेकडे, कोळंबी आणि किडे वाळूत दडलेले असतात. पाणी चढू लागलं की ते बाहेर पडतात, बोय आणि मुडदुशे त्यांच्यामागे पट्ट्यावर येतात, आणि त्यांच्यामागे मोठे मासे खोल पन्हाळीतून वर सरकतात. ओहोटी लागली की सगळा लवाजमा त्याच वाटेने परततो. तेव्हा मोठा मासा पन्हाळीच्या तोंडाशी दबा धरून बसतो, कारण खाणं आपोआप त्याच्याकडे वाहत येतं. भरतीचे पहिले तीन तास आणि ओहोटीचे पहिले दोन, एवढाच आपला वेळ. बाकी वेळ जेवण आणि झोप.

आता हे पाच तास उजेडात आणि सोयीच्या वेळी यायला हवेत. कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशोब इथे कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नवाला. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि पाणी जोरात चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आगेमागे ते मंदावतं, तो भांग. हिशोब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना लागू पडतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तिथी आणि घड्याळ यांची सांगड टिकून राहते. घरच्या दिनदर्शिकेवर एकदा करून पाहा. छापील भरती-तक्त्याशी थोडाफार फरक येईल, पण मुक्काम ठरवायला हिशोब पुरेसा आहे.

आमच्या सहली यामुळे तृतीया ते षष्ठी या दिवसांत बसवलेल्या असतात, महिन्यातून दोनदा. सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी तळाला, मग चढती भरती आणि सूर्य डोक्यावर. सूर्य वर असला की पाण्याच्या आतलं दिसतं, तिरपा असला की नुसती चकाकी. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यानंतर खाडी गढूळ असते ती निवळायला दिवाळी उजाडते, आणि जून-जुलैत आम्ही सहल ठेवतच नाही. तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो.

नागपुरातला सराव

निघण्याआधीच्या दोन रविवारी सकाळी शहरातल्या एका मोकळ्या मैदानावर सराव असतो. तो सक्तीचा आहे. तिकीट काढलं आणि सरावाला आलाच नाहीत, तर आम्ही तुम्हाला पुढच्या गटात टाकतो. कारण साधं आहे. खाडीत मासा दिसल्यापासून निघून जाईपर्यंत आठ-दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात रॉड उचलून दहा-पंधरा मीटरवर, माशाच्या पुढे हातभर, आवाज न करता आमिष पडलं पाहिजे. हे तिथे शिकत बसलात तर तीन दिवस शिकण्यातच जातील.

मैदानावर सायकलच्या जुन्या टायरांवर नेम धरतो. घड्याळाची भाषाही तिथेच शिकवतो : होडीची नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. वाटाड्या “दहा, बारा मीटर” म्हणाला की प्रश्न न विचारता तिकडे पाहायचं आणि टाकायचं. त्याचा शब्द अखेरचा. मासा तुम्हाला दिसला नसला तरी फेका.

एक सवय मोडायला फार वेळ लागतो. बूच बुडालं की रॉड वर झटकायची, ही तळ्यावरची सवय. उथळ पाण्यात तसं केलं तर आमिष माशाच्या तोंडातून निसटतं आणि पाण्याबाहेर उडतं. इथे रॉड खालीच ठेवून तंगूस (गळाची दोरी) ताणून घ्यायचा. फ्लाय रॉड (पिसांचं हलकं आमिष जड दोरीच्या वजनाने फेकायची रॉड) असेल तर हाताने मागे ओढायचा.

रॉड, रीळ, तंगूस आणि आमिषं आमची. सात फुटी हलकी रॉड, मऊ रबरी कोळंबी, एकच गळ आणि त्याची आतली काटेरी नखी चपटी केलेली. फ्लाय शिकायची असेल तर आठ नंबरची रॉड देतो, पण ती हातात बसायला दोन रविवार पुरत नाहीत, चार धरा.

तुमचं स्वतःचं असं एकच लागतं : पोलराइज्ड चष्मा, तपकिरी किंवा तांबूस काचेचा. दुकानात घेताना तो बहुतेक मोबाइलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवला तर एका कोनात पडदा काळवंडतो. काळवंडला नाही तर तो साधा गडद चष्मा असण्याची शक्यता जास्त. अंगात लांब बाह्यांचा फिका शर्ट आणि मानेवर दुपट्टा. नागपूरच्या उन्हाची सवय असली तरी इथलं ऊन पाण्यावरून खालूनही लागतं.

मासा कोणता आणि त्याचं काय करायचं

सगळ्यांना हवा असतो तो जिताडा. रायगडात जिताडा, सिंधुदुर्ग-गोव्याकडे चणक किंवा चोणक. त्याखालोखाल तांबोशी, कधी रावस. नवख्यांना आम्ही पहिल्या सकाळी मुडदुशांवर बसवतो. मासा लहान आहे, पण वाळूवर चरताना दिसतो, आणि त्याने नजर बसते.

जिताडा जन्मतः सहसा नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे तुमच्या फोटोत शोभेल असा मोठा जिताडा जवळजवळ नेहमी अंडी घालणारी मादी असते. ती खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात वीण करते. ती एक मारली की येणारे कित्येक मोसम मारले. म्हणून जिताडा आणि तांबोशी परत सोडायचे, हा नियम आम्ही कोणासाठीही वाकवत नाही. “एवढ्या लांबून आलो आणि खायचा नाही?” असं विचारणारे असतात. मासे खायला मुक्कामाच्या घरी रोज मिळतात, ताटात सुरमई, बांगडा, तिसऱ्या, सोलकढी. ते त्या गावच्या मच्छीमारांकडून घेतलेले असतात आणि त्याचे पैसे गावात राहतात.

सोडणं म्हणजे पाण्यात टाकून देणं नव्हे. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटोसाठी उचलायचा तर दहा सेकंद, दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन. मग प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत सोडू नका. बहामाच्या उथळ पाण्यात बोनफिशवर झालेल्या अभ्यासात दिसलं की हवेत जास्त वेळ धरलेला, तोल गेलेला मासा सोडल्यावर शिकारी माशांच्या तोंडी जास्त जातो. पोहत गेला म्हणजे जगला, असं समजू नये.

पाय कसा टाकायचा

पाकट (चपट्या अंगाचा मासा) वाळूत अंग पुरून पडलेली असते आणि तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाऊल उचलून टाकू नका, तळाशी घासत पुढे सरकवा. धक्का लागला की पाकट स्वतःच निघून जाते. आमच्या एका सहलीत एका ग्राहकाने घाईने पाऊल उचललं आणि घोट्याजवळ काटा बसला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवला तेव्हा कळ उतरली, मग मालवणला डॉक्टरांकडे नेलं. त्यानंतर प्रत्येक होडीवर गरम पाण्याचा थर्मास असतो. शिंगाळ्याच्या काट्यांपासूनही जपा, तो गळाला लागला तर वाटाड्यालाच काढू द्या.

चप्पल चालत नाही, चिखल ती ओढून घेतो. कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून जाड तळाचे कॅनव्हासचे बूट. लाइफ जॅकेट होडीवर सर्वांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा. पोहता येत नसेल तर ते लपवू नका, तुमच्यासाठी कमी खोलीचा पट्टा निवडता येतो.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढत असतील तिथे गळ टाकायचा नाही. ती माणसं पोटासाठी आलेली असतात, आपण हौसेसाठी.

लक्षद्वीप

काच-पाण्यातली मासेमारी हवी असणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा अगत्तीची सहल असते. प्रवाळाच्या कड्याआड उथळ, हिरवट पाणी आणि पांढरी वाळू. कोचीहून विमान आहे. बाहेरच्या भारतीयांना प्रवेश परवाना लागतो, त्याचे कागद आम्ही करतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून तीन महिने आधी कळवा. बेटावर दारूबंदी आहे. जिवंत प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्रघोडा, कासव हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, आठवण म्हणूनही तुकडा आणता येत नाही. देवबागची एक सहल केलेल्यांनाच आम्ही इथे नेतो.

नोंदणी आणि प्रवास

गट चौघांचा, एका होडीवर दोघे आणि एक वाटाड्या. वय किमान बारा, अठराच्या आतल्यांसोबत पालक हवेत. नागपूरहून थेट गाडी सोयीच्या दिवशी असेल तर तिने, नाहीतर मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ. तिथून देवबागपर्यंत गाडी आमची. रेल्वेचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं, बाकी मुक्काम, जेवण, होडी, सामान आणि सराव आमच्या दरात येतं. वारा जोराचा असेल तर होडी काढायची की नाही हे वाटाड्या ठरवतो. पूर्ण दिवस बुडाला तर त्या दिवसाचे पैसे परत. मासा मिळाला नाही म्हणून परतावा नाही.

हृदयाचा आजार, मधुमेह, पायाला भरत नसलेली जखम यांपैकी काही असेल तर अर्जात लिहा. पायाला उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत तारीख पुढे ढकलू, त्याचे जादा पैसे घेत नाही.