पालकातलं लोह आणि न सरकलेलं दशांशचिन्ह

पालकात भरपूर लोह असतं, हे आपल्याकडे आजीपासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळे सांगतात. त्यावरचा खुलासाही आता बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. एकोणिसाव्या शतकात म्हणे एका जर्मन शास्त्रज्ञाच्या हातून दशांशचिन्ह एक घर सरकलं, लोहाचा आकडा दसपट झाला आणि तोच जगभर छापला गेला. कार्टूनमधला पॉपाय पालक खातो, तोही त्यामुळेच. मीही ही गोष्ट कित्येकांना मोठ्या उत्साहाने सांगितली आहे.

ती पसरली मुख्यतः डिसेंबर 1981च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून. नियतकालिक नामांकित, लेखक टी. जे. हॅम्ब्लिन रक्तविकारतज्ज्ञ आणि लेखाचा विषय विज्ञानातली बनवाबनवी. शंका कुणाला येणार? पण दशांशचिन्हाच्या हकिकतीला त्यांनी संदर्भच दिलेला नव्हता.

2010च्या सुमारास इंग्लंडमधले गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी जुनी कागदपत्रं उकरून काढली. सरकलेलं दशांशचिन्ह त्यांना सापडलं नाही. पॉपायची 1932ची चित्रपट्टी मात्र सापडली. तिच्यात तो पालकाचं कौतुक करतो ते 'अ' जीवनसत्त्वासाठी! पुढे 2014मध्ये नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी याच दंतकथेवर शोधनिबंध लिहिला. मूळ लेख न उघडताच त्याचा हवाला द्यायचा, ही सवय संशोधकांमध्येही किती मुरली आहे, हे त्यांनी दाखवलं.

मला यातली एक गोष्ट फार लागली. पहिल्या समजुतीकडे आपण निदान संशयाने पाहतो; 'ते खोटं आहे, खरं मी सांगतो' असं कुणी म्हटलं की तेवढाही संशय उरत नाही. व्हॉट्सअॅपवर सगळ्यात वेगाने फिरतात ते असेच खुलासे. छापील पुस्तकात आलं म्हणून त्यांचं वजन वाढतं, पण पुस्तकानेही ते कुठून तरी उचललेलं असतं. दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं तर साक्षीदार दहा आहेत की एकाचेच दहा पडसाद, हे आधी पाहायला हवं.

मग पालकाचे मोठे आकडे येतात कुठून? मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर 100 ग्रॅम निवडलेली पानं घेतली आणि कडक होईपर्यंत सुकवली. हाताने चुरली तर चमचाभर भुगा, वजन 9 ग्रॅम. बाकी सगळं पाणी होतं. लोह मात्र उडून जात नाही, ते भुग्यात तेवढंच राहतं. म्हणजे 100 ग्रॅम भुग्यातलं लोह ताज्या पानांच्या दसपटीहून जास्त भरतं, तेही कुणाची काही चूक न होता! ताज्या पालकात 100 ग्रॅमला साधारण 3 मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलंही शरीरात थोडंच शोषलं जातं.

म्हणून आकडा दिसला की मी आता विचारते: ताज्याचा की सुक्याचा, आणि मोजला कुणी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. नमुने देशाच्या सहा विभागांतून आणले, ते कसे तपासले, हे त्यात सांगितलेलं आहे. पालकापुढे त्यातल्या पाण्याचं प्रमाणही दिलेलं आहे.