सराफ्यातल्या द्रोणाचा प्रवास

रात्री नऊच्या सुमारास इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. थंडीच्या दिवसांत गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, ठेल्याशी जरा उभं राहून बघावं. आधी तळून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात जातात, वर जिरावण मसाला भुरभुरतो, लिंबू पिळलं जातं, द्रोण हातात येतो. चार घासांत गराडू संपतो. मागे उरतात द्रोण, काडी आणि लिंबाची फोड.

जे उरतं त्याचं करायचं काय, हा प्रश्न इंदूर शंभर वर्षांहून अधिक काळ सोडवत आलं आहे. देशात स्वच्छतेचे पहिले क्रमांक २०१७ पासून मिळायला लागले, पण गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

१९१७ च्या सुमारास होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. शहर प्लेगने हैराण होतं. गेडिसने दिवाळीला एक मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तिकडूनच ती जाईल. लोकांनी घरं-गल्ल्या झाडून काढल्या. मिरवणुकीत सफाई कामगारांना नवे कपडे घालून मानाने चालवलं. माझ्या मते त्या दिवाळीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

दुसरा धागा मातीतला आहे. १९२४ मध्ये ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आले. कापसाच्या पळाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ठरावीक दिवसांनी वरखाली करायचे, की तीनेक महिन्यांत खत तयार. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड यांच्याबरोबर हे काम करणारे यशवंत वाड आपले मराठी माणूस. १९३१ च्या पुस्तकावर दोघांचंही नाव आहे. पुढे १९३४ मध्ये वाड आणि त्यांचे सहकारी जॅक्सन यांनी हीच पद्धत वस्तीच्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून दाखवली. ज्या शहराच्या नावाने जग कंपोस्ट करायला शिकलं, त्याच शहराने नंतर शहराच्या कडेला देवगुराडियाला कचऱ्याचा डोंगर उभा केला, हे मला आजही सलतं.

हा डोंगर वाढला कसा? आमच्या लहानपणी रामबागेतून बाबांबरोबर चालत सराफ्यात जायचो, तेव्हा द्रोण पळसाच्या पानांचे असत. खाऊन झालं की कोपऱ्यात टाकायचे. ते गाय खायची, उरलेले कुजायचे. सकाळचे पोहे तर रद्दीच्या कागदावर मिळत. ते काही आरोग्याला चांगलं नव्हतं, छपाईची शाई पोटात जायची; अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुढे ते बंद करायला लावलं, ते योग्यच झालं. मग थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे, चटणीच्या पिशव्या आल्या. ठेला तोच, पदार्थ तोच, फेकायची सवयही तीच. पण फेकलेली वस्तू आता कुजत नव्हती. ती नाल्यांत अडकली आणि खान नदीपर्यंत वाहत गेली.

कायद्यालाही ठेलेवाला उशिराच दिसला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हक्क दिला आणि नगर पथविक्री समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांसाठी ठेवल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जबाबदारी टाकली: प्रत्येक ठेल्याशी डबा हवा आणि उष्टं, ताटल्या, कप, नारळाच्या करवंट्या ठरवून दिलेल्या गाडीत किंवा डब्यातच गेल्या पाहिजेत. १ जुलै २०२२ पासून थर्माकोलच्या सजावटीवर आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर देशभर बंदी आली.

मधल्या काळात इंदुराने कचराकुंड्या हटवल्या, घरोघरी गाड्या सुरू केल्या, देवगुराडियाचा डोंगर उपसून जमीन मोकळी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. किसलेल्या भुट्ट्याची सालं, बटाट्याची टरफलं, लिंबाच्या फोडी यांचा गॅस होतो, उरलेल्याचं खत. खड्ड्याऐवजी बंद टाकी आली, पण कचऱ्याचं खत करायचं हे तत्त्व वाड यांच्याच ओळखीचं.

मात्र या टाकीला निवडलेला ओला कचरा लागतो आणि गाडं अडतं ते इथेच. सध्या बरेच ठेले चंदेरी अस्तराचा कागदी द्रोण वापरतात. वरून तो कागद दिसतो, आतला पातळ पापुद्रा मात्र कुजत नाही. उष्ट्यासकट तो ओल्या डब्यात पडला की कचरा निवडणारीने हाताने वेगळा करायचा. तळणीच्या तेलाचंही तसंच. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात; त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. बायोडिझेलसाठी ते गोळा करण्याची योजनाही आहे. पण रात्री दोनला कढई रिकामी करणाऱ्याच्या सगळ्यांत जवळ असते ती गटार.

आमच्या कोपऱ्यावर पोह्याची गाडी लावणाऱ्या काकांना मी द्रोणाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “ताई, पानाचा महाग पडतो, आणि उसळीचा रस्सा गळला तर गिऱ्हाईक मलाच बोलतं.” त्यांचं म्हणणं खरं आहे. महापालिकेने पानांचे द्रोण ठोक भावात घ्यावेत आणि चंदेरी द्रोणाच्याच किमतीत गाडीपर्यंत पोचवावेत. कुठला द्रोण रस्सा धरतो हे मात्र समितीतल्या विक्रेत्यांनी पोहे वाढूनच ठरवावं.