डोक्यातली गाठ, नाकाची वाट

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, जेमतेम हरभऱ्याएवढी. मेंदूच्या तळाशी देठाने लटकलेली आणि कवटीच्या बुडाला असलेल्या खोगिरासारख्या खळग्यात बसलेली. तिच्या वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, दोन्ही अंगांना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. खाली मात्र पातळ हाड, मग एक पोकळी आणि पुढे थेट नाक. म्हणून इथली गाठ काढायला सहसा नाकातूनच जातात.

गाठ बहुधा साधी असते, कर्करोगाची नव्हे. पण वाढली की वरच्या नसा दाबते आणि दोन्ही कडांची नजर जाते. समोरची पाटी नीट वाचता येते, पण शेजारून आलेली रिक्षा अंगावर येईपर्यंत कळत नाही. काही गाठी नको तेवढे हार्मोन सोडतात. मग कुणाची अंगठी घट्ट होते, कुणाच्या चपलेचा नंबर वाढतो. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, सोडणाऱ्या बहुतेक गाठी तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसतात, सुरी लागतच नाही.

१९०७ मध्ये इन्सब्रुकला हेरमान श्लोफर यांनी ही वाट पहिल्यांदा काढली, पण त्यासाठी रुग्णाचं नाक कापून चक्क बाजूला वळवावं लागलं. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखाली छेद घेऊन आत शिरायला सुरुवात केली. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या; मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के. अँटिबायोटिक नसलेल्या काळात हे थक्क करणारं आहे. तरी पुढे खुद्द कुशिंगच कवटी उघडण्याकडे वळले. खोल, अरुंद बोळ, उजेड तोकडा, गाठीचा वरचा भाग दिसत नाही. ते वळले म्हटल्यावर बहुतेक सगळेच वळले. त्यांच्याकडे शिकलेले एडिंबराचे नॉर्मन डॉट तेवढे हटले नाहीत. डॉट यांच्याकडून पॅरिसच्या जेरार गियो यांनी ती विद्या घेतली, गियो यांच्याकडून माँट्रियलच्या जूल हार्डी यांनी. घराण्याची गायकी एखाद्या शिष्यामुळे टिकावी, तसंच हे. हार्डी यांनी १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणला आणि बोळात उजेड पडला.

सूक्ष्मदर्शक नाकाबाहेर राहतो. नाकपुडी चिमट्याने फाकवून धरतात आणि सरळ रेषेत जे येईल ते दिसतं. खोली छान कळते, पण कोपरे हत्याराने चाचपूनच साफ करावे लागतात. १९९०च्या दशकात रुळलेली दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, स्वतःच आत जाते. माळ्यावरचं सामान दारातून बॅटरी मारून बघणं आणि बॅटरी घेऊन माळ्यावर चढणं, एवढा फरक. तिरक्या भिंगाने कोपऱ्याआडही डोकावता येतं. तोटा असा की पडद्यावरचं चित्र सहसा सपाट असतं आणि भिंगाला रक्त लागलं की पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. बहुतेकदा कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बीण सांभाळतो आणि न्यूरोसर्जन दोन्ही हातांनी काम करतो.

मग दुर्बीण जिंकली? अमेरिकेतल्या सात केंद्रांचा एक तौलनिक अभ्यास २०२० मध्ये छापून आला. गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ऐंशी टक्क्यांच्या आसपासच होतं. मात्र नव्याने हार्मोनची कमतरता येणं दुर्बिणीच्या गटात बरंच कमी होतं. त्यातही सूक्ष्मदर्शकवाले सर्जन जास्त मुरलेले होते, हे विसरू नये. माझ्या मते रुग्णाने यंत्राआधी माणसाची चौकशी करावी: अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? गाठ बाजूला फार पसरली असेल, तर आजही कधीकधी कवटी उघडावीच लागते.

वाट कोणतीही असो, नाकातून गेल्यावर मेंदूभोवतीचं पाणी गळण्याची भीती असते. भोक बुजवायला पोटाची चरबी किंवा नाकाच्या पडद्याचं अस्तर वापरतात. घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ, चवीला खारट असं काही टपकलं, तर त्याला सर्दी समजून वाफ घेत बसू नये. त्याच दिवशी सर्जनला फोन करावा.