सूक्ष्म धूलिकण आणि संरक्षक मास्क (ग्वाल्हेर)

हवेत तरंगणारे, २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे घन आणि द्रव कण म्हणजे सूक्ष्म धूलिकण. मोजमापाच्या भाषेत पीएम २.५. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकातले केस आणि घशातले ओलसर अस्तर चुकवून थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सगळ्या कणांना मिळून पीएम १० म्हणतात. त्यांतले मोठे कण बहुतांशी नाका-घशातच अडतात आणि शिंक, खोकला, कफ यांवाटे बाहेर पडतात. ग्वाल्हेरात हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. इथे धूळ म्हटली की आठवते ती मे-जूनमधली आंधी, तारेवरचे कपडे मातकट करून जाणारी. शरीराची खरी हानी करणारी हवा मात्र डिसेंबर-जानेवारीतली, वारा पडलेला असतानाची. ती फारशी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी तोंड बांधत नाही.

२०१६ ची यादी

ग्वाल्हेरचे नाव या विषयाशी जगभर जोडले गेले ते मे २०१६ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांच्या हवेची माहिती प्रसिद्ध केली. तीत पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीत इराणमधले झाबोल पहिले (घनमीटरला २१७ मायक्रोग्रॅम) आणि ग्वाल्हेर दुसरे (१७६) होते. अलाहाबाद, पाटणा, रायपूर आणि दिल्लीही मागेच होती. ‘जगातले दुसऱ्या क्रमांकाचे प्रदूषित शहर’ ही ओळख त्यानंतर शहराला चिकटली आणि अजून पुरती सुटलेली नाही.

तो आकडा जपून वाचायला हवा. जिथे पीएम २.५ प्रत्यक्ष मोजले जात नव्हते, तिथे या यादीत पीएम १० च्या मोजणीला गुणक लावून अंदाज काढलेला होता. ज्या प्रदेशात उन्हाळाभर राजस्थानकडून वाळू-माती उडत येते, तिथे मोठ्या कणांवरून बारीक कणांचा अंदाज बांधणे जोखमीचे असते. शिवाय ज्या शहरांनी मोजणीच केली नव्हती, ती यादीत नव्हतीच. २०१८ च्या यादीत कानपूर सर्वांत वर होते, आणि ग्वाल्हेर पहिल्या दहांत नव्हते. दोन वर्षांत हवा तेवढी सुधारली असे त्यावरून म्हणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची राष्ट्रीय मानके न पाळणारे शहर म्हणून ग्वाल्हेरचा समावेश झाला. मध्य प्रदेशातली भोपाळ, इंदूर, उज्जैन, देवास आणि सागर ही शहरेही त्या यादीत होती. पुढे शहरात महाराज बाडा, सिटी सेंटर, फूलबाग आणि दीनदयाळनगर अशा ठिकाणी हवा सतत मोजणारी केंद्रे आली. आता बोलायचे तर त्यांच्या आकड्यांवर बोलावे, २०१६ च्या नव्हे.

कण येतात कुठून

सगळे सूक्ष्म कण धुळीचे नसतात. डिझेलचा धूर, लाकूड-गोवऱ्या, कचरा आणि पालापाचोळा जाळल्याची काजळी यांतले बरेच कण थेट या आकाराचेच निघतात. काही कण हवेतच तयार होतात: गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडे आणि शेतातला, गोठ्यातला अमोनिया एकत्र येऊन त्यांचे सल्फेट आणि नायट्रेट बनतात. धूर शहराबाहेरूनही येतो. डबरा-भितरवार हा जिल्ह्यातला भाताचा पट्टा. कापणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पराली (शेतात उरलेला भाताचा पेंढा) पेटते, आणि गहू निघाला की नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट. बामोर आणि मालनपूर या औद्योगिक वसाहती ग्वाल्हेरच्या उंबरठ्यावर असल्या तरी जिल्ह्याने अनुक्रमे मुरैना आणि भिंडमध्ये मोडतात. हवेला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पण उपाययोजनेच्या फायली हद्दीपाशी थांबतात, असे म्हणायला जागा आहे.

हिवाळ्यात हे सगळे जमिनीलगत कोंडते. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर तुलनेने ऊबदार हवेचा थर बसतो. याला तापमान-व्युत्क्रम म्हणतात. धूर वर जाऊ शकत नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत तो शहराच्या डोक्यावर राहतो. जानेवारीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी किल्ल्यावरून खालच्या लष्कर या शहरभागाकडे पाहिले तर हा थर उघड्या डोळ्यांनी दिसतो: खाली करडा-तपकिरी पट्टा, त्याला वरून जवळजवळ सरळ कड, आणि त्या कडेच्या वर निळे आकाश. चौकाचौकांतले अलाव (शेकोट्या), दारातली सिगडी, दुकान उघडण्याआधी झाडून पेटवलेला कचरा आणि कामावर निघालेल्या गाड्या हे सारे नेमके याच वेळी. मॉर्निंग वॉकचीही वेळ तीच, आणि शाळेच्या बसचीही. हिवाळ्यात फिरायला जाणाऱ्यांनी साडेपाचऐवजी ऊन पडल्यावर निघावे हा सल्ला मास्कपेक्षा स्वस्त आहे आणि बहुतेकदा जास्त उपयोगी.

आरोग्यावर परिणाम

प्रदूषण म्हटले की दमा आठवतो, पण सूक्ष्म कणांचा मोठा मारा हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर असतो. फुप्फुसांत बसलेल्या कणांमुळे दाह सुरू होतो, त्याचे पडसाद रक्तात उमटतात. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. रक्तदाब वाढणे, गुठळी होण्याची प्रवृत्ती, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे हे पुढचे टप्पे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगभर सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. दीर्घकालीन श्वसनरोग, न्यूमोनिया आणि फुप्फुसांचा कर्करोग त्यांच्या मागे येतात. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरची प्रदूषित हवा आणि तीतले कण यांना कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातले.

या समजुतीचा पाया १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या सहा शहरांच्या अभ्यासाने घातला. अमेरिकेतल्या आठ हजारांवर प्रौढांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर, धूम्रपान वगैरे कारणे वेगळी काढूनही, सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. ती अमेरिकी शहरे ग्वाल्हेरच्या मानाने बरीच स्वच्छ होती. अमुक पातळीच्या खाली धोका नाहीच, अशी सीमा संशोधकांना सापडलेली नाही.

निर्देशांक वाचताना

भारताचे २००९ चे मानक पीएम २.५ साठी वर्षाला सरासरी ४० आणि चोवीस तासांना ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा आणखी खाली आणून वर्षाला ५ आणि चोवीस तासांना १५ केली. २०१५ पासून वापरात असलेल्या भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ चे ६१ ते ९० मायक्रोग्रॅम ‘मध्यम’ गणले जातात. म्हणजे ९० ला निर्देशांक २०० दिसतो आणि पट्टी पिवळी असते. पण ती हवा चोवीस तासांच्या जागतिक मर्यादेच्या सहापट खराब असते. काही मोबाइल अ‍ॅप अमेरिकी पट्टी वापरतात. तिच्यावर हेच ९० मायक्रोग्रॅम १६० च्या पुढे आणि ‘अनारोग्यकारक’ दाखवतात. त्यामुळे एकाच घरात दोन फोन दोन गोष्टी सांगतात आणि मग दोन्हींवरचा विश्वास उडतो. निर्देशांक बाजूला ठेवून मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा, गोंधळ राहत नाही.

मास्क

स्कूटरवरच्या मुलींचा डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्टोल आणि मजुरांच्या, टेम्पोवाल्यांच्या गळ्यातली साफी (सुती गमछा) ही ग्वाल्हेरची नेहमीची तोंडबांधणी. ऊन, लू आणि आंधीची जाड धूळ यांपुरती ती कामाची आहे. सूक्ष्म कणांपुढे तिचा फारसा उपाय चालत नाही: विणीतल्या फटी कणांच्या कितीतरी पट मोठ्या असतात. साफी ओली केली तरी बारीक धूर थांबत नाही. शस्त्रक्रियेचा निळा मास्क बोलता-खोकताना उडणारे थेंब अडवायला केलेला आहे. त्याचे कापड बरे असते, पण गालांवर तो उघडाच राहतो.

कणांसाठी लागतो तो एन ९५ किंवा त्या तोडीचा. अमेरिकी मानकानुसार हा मास्क सुमारे ०.३ मायक्रोमीटरचे किमान ९५ टक्के कण अडवतो. ०.३ हा आकार मुद्दाम घेतलेला आहे. त्याहून मोठे कण तंतूंवर आपटतात किंवा घासून अडकतात, त्याहून लहान कण भिरभिरत जाऊन तंतूंना चिकटतात. निसटायला सर्वांत सोपे ते मधले. युरोपी एफएफपी २ ची किमान क्षमता ९४ टक्के असते, आणि भारतात या वर्गाच्या मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. आतला मुख्य थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक तंतूंचा असतो आणि त्यावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. साबण किंवा स्पिरिट लागले की हा भार जातो. कोविडच्या काळात घरोघरी एन ९५ धुऊन दोरीवर वाळत घातलेले दिसायचे. दिसायला ते स्वच्छ, पण चाळणीपुरतेच उरलेले.

मास्कचे खरे मर्म कापडात नाही, कडेत आहे. श्वासाबरोबर घेतलेल्या हवेतली एक पंचमांश जरी गालाच्या फटीतून आत आली, तर ९५ टक्क्यांच्या कापडाचा एकूण परिणाम ७६ टक्क्यांवर येतो. दिवसभर वापरलेला मास्क उलटून पाहावा. मधला भाग सारखा करडा झालेला असेल तर बसणी चांगली होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा गालाकडच्या कडेला आतून काळसर रेघ उमटली असेल तर हवा तिथूनच शिरत होती. चष्म्यावर वाफ येणे हीही तीच तक्रार. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटून वाकवू नये, दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यावी. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानांतल्या दोऱ्यांपेक्षा घट्ट बसतात. दाढी असेल तर कड बसत नाही, त्याला इलाज नाही. बाजारात पाकिटावर नुसते ‘एन ९५’ छापलेले बरेच मास्क असतात. अमेरिकी प्रमाणपत्राच्या मास्कवर ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा क्रमांक असतो, भारतीय मास्कवर आयएसआय चिन्ह आणि एफएफपी वर्ग पाहावा.

झडपेच्या मास्कबद्दल गैरसमज आहेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने झडपेच्या एन ९५ विरुद्ध सूचना दिली ती संसर्गासाठी, कारण झडपेतून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही. धुरासाठी वापरताना ही अडचण उद्भवत नाही. उलट उच्छ्वास सोपा होतो.

मास्कचा शरीराला उपयोग होतो का, याची तपासणी बीजिंगमध्ये झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९८ हृदयरोग्यांना शहरात दोन तास चालवले, एकदा चांगल्या मास्कसह आणि एकदा विना मास्क. मास्क असताना रक्तदाब कमी राहिला आणि ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणाही कमी दिसल्या. पण अशा चाचण्या थोड्या वेळाच्या असतात. वर्षानुवर्षे मास्क वापरल्याने आयुष्य किती वाढते, हे त्यांतून निघत नाही. मास्क वायूही अडवत नाही: कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन त्यातून सरळ जातात. म्हणून बंद खोलीत सिगडी ठेवून मास्क लावणे हा निव्वळ आत्मघात. लहान मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचे मास्क बसत नाहीत, आणि अमेरिकी एन ९५ प्रमाणपत्र मुलांच्या मापासाठी दिलेच जात नाही. दम्याच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारून वापरावा, कारण मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो.

दगडाची धूळ

शहराचा वालुकाश्म आणि बिलौआकडचे खडीचे क्रशर यांमुळे ग्वाल्हेरला मास्कचा आणखी एक प्रश्न आहे. दगड फोडताना, कापताना आणि घासताना स्फटिकी सिलिकाचे बारीक कण उडतात. ते फुप्फुसांत व्रण करतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि त्याच्यामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. इथे एन ९५ हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे: पात्यावर पाण्याची धार धरणे आणि धूळ जागीच ओढून घेणारा पंखा लावणे आधी. कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिसला सरकारकडे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातले. चार-पाच कारागिरांच्या दगडकामाच्या पडवीत ही नोंद सहसा होत नाही, आणि तिथे तोंडावर अजून साफीच असते.